एक नंबरचं दार

१

बुधवारी सकाळी गॅरेजमधल्या ढिगावरचं कापड उघडलं, तेव्हा दोन नंबरपासून सतरा नंबरपर्यंत सगळं जागच्या जागी होतं. फक्त एक नंबर नव्हता.

कापडाला बांधलेली तार सोडवताना माझं नख मोडलं होतं, त्यामुळे मी आधीच वैतागलेली होते. मला वाटलं, नीट दिसलं नसेल. दोन नंबरची खिडकी बाजूला केली, तीन नंबरची बाजूला केली. मागे भिंत होती आणि भिंतीला टेकवलेलं काहीच नव्हतं.

एक नंबर म्हणजे त्या घराचं जुनं मुख्य दार. सागवानी, एकझडपी, सात फूट बाय साडेतीन फूट. पुढच्या बाजूला उठावाच्या आठ फळ्या, मागच्या बाजूला तीन लोखंडी पट्ट्या. उचलायला चार माणसं लागायची, आणि चौथा कामचुकार असला तर पाच.

मी जुनी घरं दुरुस्त करते. तीस वर्षं हेच करते आणि चांगलं करते. विनय वगैरे ज्यांची छपरं गळतात त्यांनी करावा. माझी एक पद्धत आहे. घरातली जी वस्तू काढून परत बसवायची तिच्यावर मी स्वतः खडूने नंबर घालते, वहीत लिहिते आणि कुलपात ठेवते. किल्ली एकच, आणि ती एकाच माणसाकडे. तीस वर्षांत या पद्धतीने एक कडीसुद्धा हरवली नव्हती.

या घरी किल्ली सुतारकाकांकडे होती.

घर मेट्रनबाईंचं. मोठ्या रुग्णालयात छत्तीस वर्षं वॉर्ड सांभाळून निवृत्त झालेल्या. धाकटा भाऊ त्यांना ताई म्हणतो, बाकी सगळं जग मेट्रन म्हणतं. दोन्ही गुडघे कामातून गेलेले, झोपायची खोली वरच्या मजल्यावर, आणि मध्ये चौदा पायऱ्या. म्हणून मी घराच्या मागे तळमजल्यावर त्यांच्यासाठी नवी खोली बांधत होते. पुढे उंबरठा नसलेलं नवं मुख्य दार बसणार होतं आणि जुनं दार जाणार होतं या नव्या खोलीला. उद्या चाकांची खुर्ची आलीच, तर साडेतीन फुटांतून आरामात जाईल.

“बाकी काय तोडायचं ते तोडा,” मेट्रन पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. “वडिलांनी हे दार करून घेतलं तेव्हा मी बारा वर्षांची होते. शाळेला, कामाला, सगळीकडे याच दारातून गेले. आता खोलीतून बाहेर पडेन तेही याच दारातून.”

आणि ते दार केलं होतं सुतारकाकांनी. बावीस वर्षांचे असताना, कुणाच्याही हाताखाली नसताना केलेलं त्यांचं पहिलं काम. आता ते बहात्तरचे. हत्यारं ठेवून दिली होती, पण हे दार दुसऱ्या कुणी बसवायचं नाही म्हणून परत आले. हात थरथरायचे त्यांचे, रंधा धरला की थांबायचे.

गॅरेजच्या दारात आम्ही चौघं उभे होतो. मी, मेट्रन, त्यांचा धाकटा भाऊ आणि काका. पहिल्यांदा बोलला तो धाकटा.

“किल्ली तुमच्याकडे. कुलूप शाबूत. दार नाही. आणि सोमवारी संध्याकाळी हातगाडीवर काहीतरी लांबलचक कापडात गुंडाळून तुम्ही घेऊन गेलात, मी स्वतः पाहिलं. याला काय म्हणायचं, काका?”

काकांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. मोकळ्या भिंतीकडे पाहत राहिले.

“किल्लीची जबाबदारी माझी होती. दार गेलं, ते माझ्या हातून गेलं.”

“म्हणजे कबूल?”

“जबाबदारी कबूल.” त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि गॅरेजच्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. “दार मिळेपर्यंत मी या घरातल्या एका फळीला हात लावणार नाही. नाही मिळालं, तर कुठल्याच घरातल्या लावणार नाही.”

हत्यारांची पिशवी खांद्याला लावून ते फाटकाबाहेर पडले. पन्नास वर्षांचं नाव चालत चाललं होतं, आणि त्याला काळं फासलं होतं माझ्या पद्धतीने. किल्ली एकाच माणसाकडे, म्हणून चोरही एकच. तो नियम माझाच होता.

मी वही उघडली आणि ठरवलं, दोन दिवसांच्या आत हे दार मला सापडलं पाहिजे.

२

सुरुवात धाकट्यापासून केली. जो पहिलं बोट दाखवतो त्याची बाकीची चार कुठे आहेत ते आधी बघावं.

“तुम्हाला ते दार हवं होतं,” मी म्हटलं.

तो लाल झाला. “कुणी सांगितलं?”

“तुम्हीच. गेल्या महिन्यात तुमच्या सजावटकार मित्राला घेऊन आला होतात. तो दाराभोवती तीन चकरा मारून म्हणाला, वर काच टाकली की झकास डायनिंग टेबल होईल. मी तिथेच होते. मला तेव्हा वाटलं होतं, याला चक्करच यायला हवी.”

“मागितलं होतं मी. ताई नाही म्हणाली. विषय संपला. आणि सोमवारी मी दिवसभर तुमच्याबरोबरच होतो, आठवतंय ना? बाथरूमच्या फरशीवरून भांडत होतो.”

आठवत होतं. सोमवारी नव्या खोलीचा स्लॅब ओतला. सकाळी नऊला काँक्रीट सुरू झालं. पहिले दोन-तीन तास मी वर उभी होते. मग हा मला पुढच्या खोलीत घेऊन गेला आणि हिरवी फरशी की करडी यावर बारापासून एकपर्यंत त्याने माझं डोकं खाल्लं. फरशी वापरणार मेट्रन, पसंत करणार हा. तो तास मी स्लॅबजवळ नव्हते, आणि हे कबूल करताना मला आजही कसंतरी होतं.

“रविवारी संध्याकाळी दार होतं?”

“तुम्हीच मोजलं होतं.”

मोजलं होतं. रविवारी सतराच्या सतरा. काकांनी माझ्यासमोर ढिगावर कापड घातलं होतं आणि कुलूप लावलं होतं.

मेट्रन स्वयंपाकघरातल्या खिडकीशी उंच स्टुलावर बसल्या होत्या. ते स्टूल आणि समोरचा ओटा मी त्यांच्या कोपराची उंची मोजून केला आहे. तिथून घराची मागची बाजू, गॅरेजचा कोपरा आणि बाजूची बोळ सगळं दिसतं. सोमवारी त्या दिवसभर तिथेच होत्या. छत्तीस वर्षं वॉर्डावर नजर ठेवलेली बाई. तिच्यासमोरून मांजर गेलं तरी नोंद होते.

“हातगाडी पाहिलीत तुम्ही?”

“पाहिली. साडेपाचला. काका एकटेच होते, एका हाताने ओढत होते, दुसऱ्या हाताने घाम पुसत होते. ते दार असतं तर गाडीचं चाक मातीत रुतलं असतं. मी धाकट्याला तेच सांगितलं, पण त्याला मोठ्या बहिणीचं ऐकायची सवय नाही.”

“मग आज सकाळी काका निघाले तेव्हा तुम्ही त्यांना थांबवलं का नाही?”

“थांबवलं तर म्हणाले, बेबीताई, सापडू दे, मग बोलू. ते मला अजून बेबीताई म्हणतात. असं म्हणाले की मला पुढे बोलता येत नाही.”

“आणखी काय पाहिलंत सोमवारी?”

“काय पाहायचं. सगळा गोंधळ. मिक्सरचा आवाज, घमेल्यांची ये-जा. आणि त्या सेंट्रिंगवाल्याची माणसं तर धन्य आहेत. दुपारी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली एक फळी बोळीतून नेत होती, तर चौघं लागले होते. आमच्या वॉर्डात एक आया पेशंटसकट खाट हलवायची. आताच्या माणसांत दमच नाही.”

मी हसले आणि वहीत लिहिलंही नाही. तीस वर्षांचा अनुभव, आणि हातात आलेली गोष्ट सोडून मी काकांच्या घराकडे निघाले.

३

काकांचं घर म्हणजे पुढे कामाची खोली आणि मागे राहायची. दारात लाकडाचा भुसा नव्हता. सुताराच्या दारात भुसा नसणं मला आवडलं नाही.

ते जमिनीवर बसून पटाशीला धार लावत होते. मला पाहून उठले नाहीत, पण पाट सरकवला.

“हातगाडीवर काय होतं, काका?”

त्यांनी हनुवटीने कोपरा दाखवला. रंधा मारायचं त्यांचं लांब बाकडं तिथे उलटं पडलं होतं, एक पाय मोडलेला. अंगावर अजून तेच कापड होतं.

“हे तिथेच का सांगितलं नाहीत?”

“विचारलं कुठे कुणी? त्याने सांगितलं, मी ऐकलं.”

“किल्ली सोमवारी पूर्ण वेळ तुमच्या खिशात होती?”

धार लावणारा हात थांबला. “किल्लीची जबाबदारी माझी होती,” ते म्हणाले. सकाळचंच वाक्य, तेवढंच.

मी वाट पाहिली. जुन्या भिंतीला ठोकून बघावं लागतं, पोकळ कुठे आहे ते तेव्हा कळतं. खिशात होती असं काका म्हणत नव्हते. खोटं बोलायचं नाही आणि खरं सांगायचं नाही, एवढी अरुंद फळी त्यांनी उभं राहायला निवडली होती.

“कुणाला दिली होतीत?”

“बाई, तुम्ही चांगलं काम करता. चांगलं काम करणाऱ्याला मी एकच सांगतो. संशयावरून कुणाचं नाव घेऊ नये. माझं घेतलं तेवढं पुरे.” मग विषय बदलावा म्हणून म्हणाले, “ढिगावरचं कापड परत नीट बांधलंत ना? बाकीच्या खिडक्या आहेत त्यात. सुतळीने बांधा. मी सुतळीच वापरतो. लाकडाला तार लावली की वळ पडतात.”

मी मान हलवली, उठले, चपला घातल्या. आणि चपलेत पाय अर्धा असतानाच थांबले. माझ्या मोडलेल्या नखाकडे बघत.

रविवारी काकांनी ढीग सुतळीने बांधला होता. बुधवारी मी तार सोडवली होती.

४

सळ्या बांधायची ती बारीक काळी तार कामावर सगळीकडे पडलेली असते, कुणीही उचलावी. पण कुणीही उचलली तर तो ती हाताने पिळतो, वेडीवाकडी. कचऱ्याच्या डब्यातून मी माझे सोडवलेले तुकडे काढले. प्रत्येकाला मोजून अडीच पीळ, सारख्या अंतरावर. ते सळ्या बांधायच्या लोखंडी आकड्याने घातलेले पीळ होते. दिवसाला पाचशे गाठी मारणाऱ्या हाताचे.

असे हात असलेली माणसं त्या घरात एकाच ठेकेदाराची होती.

सेंट्रिंगवाला स्लॅबवर होता. पाईप धरून पाणी मारत होता. चाळिशीचा, बुटका, आणि कामाच्या बाबतीत माझ्याइतकाच गर्विष्ठ. वीस वर्षांत त्याच्या एकाही स्लॅबला केसाएवढी भेग गेलेली नाही, आणि ही गोष्ट तो पहिल्या भेटीत, दुसऱ्या भेटीत आणि नंतर प्रत्येक भेटीत सांगतो. स्लॅबवर त्याने मातीची आळी केली होती, त्यात पाणी साचलेलं. काम सुंदर होतं, उगाच कशाला नाही म्हणू.

“तुम्ही स्वतः पाणी मारताय?” मी शिडीवरून विचारलं.

“माणसं आळशी झालीत, मॅडम. सकाळ-संध्याकाळ मीच येतो.”

“कधीपासून?”

“या स्लॅबपासून.” एवढं बोलून त्याने पाईप दुसऱ्या बाजूला वळवला.

“दाराचं ऐकलंत ना?”

“ऐकलं.” त्याचा चेहरा पडला. “काका असं करणार नाहीत. कुणीही सांगितलं तरी.”

“मग कोण करेल?”

“मला काय माहीत. मी सोमवारी माझ्या स्लॅबवर होतो. जे काही केलं ते स्लॅबसाठी केलं.”

ज्यावर स्लॅब ओततात ती खालची फळ्यांची जुळणी मी आठवत होते. “सहा प्लाय लागले होते ना तुम्हाला?”

आवडीचा विषय निघाला तसा तो खुलला. “सहाच. माझ्याकडचे जुने, कडा झिजल्या म्हणून कापून सात बाय साडेतीन केलेले. तुमची खोली चौदा बाय साडेदहा. दोन लांबीला, तीन रुंदीला. एक इंच इकडे नाही, एक इंच तिकडे नाही. मी तेव्हाच म्हटलं, मॅडमनी खोली काढली माझ्या प्लायच्या मापाची. सातवा प्लाय आणलाच नाही.”

सात बाय साडेतीन. ते माप माझ्या वहीत पहिल्या ओळीवर लिहिलेलं होतं.

मी खाली उतरले. नव्या खोलीला दाराची मोकळी जागा होती, तिच्यावर एक जुना पत्रा आडवा बांधला होता. तारेने. आत टेकूंची गर्दी आणि अंधार. स्लॅब ओला असताना आत जायला कोणी धजत नाही, पण म्हणून तिथे पत्रा बांधलेला मी आजवर पाहिला नव्हता.

वळून मागच्या राडारोड्याच्या ढिगाकडे गेले. विटांचे तुकडे, सिमेंटच्या पिशव्या. पायाने जरा उकरलं. विटांखालून प्लायवूडची एक कड दिसली. ओढली तर अख्खा सात बाय साडेतीनचा तुकडा, मधोमध तडकलेला, तेलाने चोपडलेला.

सहाच होते, सातवा आणला नव्हता. एक इथे मोडून पडला होता. म्हणजे वर पाच.

मग काँक्रीट ओतताना सहाव्या जागी काय होतं?

५

काखेत कळसा आणि गावाला वळसा, म्हणतात ते माझ्यासारख्यांसाठीच. मी राडारोड्याशेजारी विटेवर बसले आणि स्वतःला चार शिव्या दिल्या. मग सगळं ओळीने लावलं.

प्लायचा तुकडा एक माणूस डोक्यावर घेऊन पळतो. मेट्रननी पाहिलेली ‘फळी’ चौघांनी उचलली होती. वॉर्डावर नजर ठेवणाऱ्या बाईने मला सगळं सांगितलं होतं आणि मी हसले होते. चौघांनी उचलावी लागणारी, सात फुटांची एकच वस्तू त्या आवारात होती. ती दुपारी बोळीतून नेली, म्हणजे मी आणि धाकटा फरशीवरून भांडत होतो तेव्हा. ती फाटकाकडे गेली नाही. बोळ फक्त नव्या खोलीकडे जाते. ढीग परत बांधला सळ्या बांधणाऱ्या हाताने. कुलूप फोडलं नाही, म्हणजे किल्ली मागून घेतली. काका किल्ली देतील अशा माणसाला, जो कामाच्या अडचणीत आहे. आणि तोच माणूस आता रोज दोनदा येऊन पाणी मारतो, खोलीच्या तोंडाला पत्रा बांधतो, आणि म्हणतो, जे काही केलं ते स्लॅबसाठी केलं.

पत्र्याची तार मी पक्कडीने सोडवली. अडीच पीळ. बॅटरी घेऊन आत शिरले. टेकूंमधून अंग चोरत डाव्या कोपऱ्यापर्यंत गेले आणि प्रकाश वर टाकला.

माझ्या डोक्यावर, छताला पाठ करून, तीन लोखंडी पट्ट्या होत्या.

६

गुरुवारी दुपारी सगळ्यांना मागच्या अंगणात बोलावलं. सेंट्रिंगवाल्याने माझ्या हातात पत्र्याची तार पाहिली आणि उलट्या बादलीवर खाली बसला. सांगायला मला दोन मिनिटं लागली. उरलेलं त्याने सांगितलं.

“अर्धा स्लॅब ओतून झाला होता. एक मजूर शिडी सोडून वरून थेट अजून न ओतलेल्या बाजूच्या प्लायवर उडी मारून उतरला आणि तो प्लाय तडकला. काँक्रीट एकदा सुरू झालं की थांबवायचं नसतं, मॅडम, तुम्हाला माहीत आहे. थांबवलं की सांधा राहतो आणि सांध्यातून जन्मभर पाणी येतं. बाईंच्या बिछान्यावर. फळ्या जोडत बसायला वेळ नव्हता. काका जेवत होते. म्हटलं, काका, अडचण आहे, एक फळी हवी. त्यांनी कुठली म्हणून विचारलंही नाही. किल्ली पुढे केली. आत गेलो आणि दार दिसलं. सात बाय साडेतीन. खालून टेकू उतरवून मोडका प्लाय काढला आणि दार वर चढवलं.”

“आणि काकांवर आळ आला तेव्हा तोंड शिवलं होतं तुझं?” धाकटा ओरडला.

“चौदा दिवसांनी उतरवून, पुसून, जागेवर ठेवणार होतो. तोवर कुणी ढीग उघडेल असं वाटलं नव्हतं. काल कळलं तेव्हा सांगायला निघालो होतो. पण सांगितलं असतं तर तुम्ही टेकू काढायला लावले असते.”

“लावणारच. आत्ताच्या आत्ता काढ ते दार. नाहीतर मी काढतो.”

सेंट्रिंगवाला उठला आणि खोलीच्या तोंडाशी दोन्ही हात पसरून उभा राहिला. तो हलला नाही.

“मला पोलिसांत द्या. कामावरून काढा. टेकूला हात लावू देणार नाही. तीन दिवसांचा स्लॅब आहे तो.”

मी तोंड उघडणार तेवढ्यात मेट्रन काठी टेकत पुढे आल्या.

“टाके कितव्या दिवशी काढतात?” त्यांनी भावाला विचारलं.

“ताई, इथे टाक्यांचा काय—”

“तिसऱ्या दिवशी टाके ओढायला निघालेल्या एका डॉक्टरला मी वॉर्डाबाहेर काढलं होतं. तो तुझ्यापेक्षा शिकलेला होता. चौदा म्हणजे चौदा.” मग सेंट्रिंगवाल्याकडे वळल्या. “तुझं चुकलं. दार घेतलंस ते नाही, काल गप्प बसलास ते. ते तू काकांना सांगशील, मला नाही.” आणि परत भावाला, “तू जा आणि काकांना घेऊन ये. गाडीत बसून हॉर्न वाजवू नकोस. आत जा, पाया पड आणि मग बोल.”

धाकटा गेला. तासाभराने काका आले, धाकटा त्यांची हत्यारांची पिशवी खांद्यावर घेऊन मागे. पाया पडला की नाही ते कळलं नाही, पण पँटच्या गुडघ्यांना धूळ होती.

सेंट्रिंगवाला पुढे झाला. “काका, तुमच्यावर आलं आणि मी—”

“ते राहू दे,” काका म्हणाले. “कुठली बाजू वर केलीस?”

“पुढची. उठावाची.”

“का?”

“मागे लोखंडी पट्ट्या आणि बिजागऱ्या. काँक्रीट त्यांना धरून बसलं असतं. फळ्यांना कडेने उतार आहे, त्या सुटतील. प्लास्टिकही काढून टाकलं, सुरकुत्या उमटल्या असत्या. नुसतं तेल चोपडलं.”

काकांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. मी त्या दोघांकडे पाहत होते. दार चोरीला गेलं होतं, अब्रू गेली होती, आणि ही दोन माणसं फळीच्या उताराबद्दल बोलत होती. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की मी उगाच वही चाळू लागले.

“उतार जास्त दिला म्हणून माझे वडील माझ्यावर ओरडले होते,” काका म्हणाले. “म्हणाले, दार करतोस की घसरगुंडी. सुटेल. तेलाने सागवान बिघडत नाही.”

“किल्ली घ्या, काका,” मी म्हटलं. ती अजून खिडकीच्या कट्ट्यावर तशीच होती. कुणी हात लावला नव्हता.

“दार खाली आलं की.”

७

चौदाव्या दिवशी सेंट्रिंगवाल्याने टेकू स्वतःच्या हाताने सैल केले. इतर पाच प्लाय सहज उतरले. दाराच्या वेळी त्याने चौघांना खाली उभं केलं आणि स्वतः पाचवा झाला. एक हलकी टोच, एक करकर, आणि दार त्यांच्या हातांत आलं.

अंगणात आडवं ठेवलं. काकांनी ओल्या फडक्याने पुसलं. सिमेंटचा पातळ पापुद्रा निघाला आणि खालून सागवान असं चमकलं, की जणू कालच रंधा मारला होता. काकांनी आठही फळ्यांवरून तळवा फिरवला, एक-एक करून. हात थरथरत होता, दारावर टेकला की थांबत होता.

“काका,” आतून मेट्रनचा आवाज आला. “आत या सगळे.”

त्या रिकाम्या खोलीच्या मध्ये काठीवर भार देऊन उभ्या होत्या आणि वर पाहत होत्या.

डाव्या कोपऱ्यात, जिथे त्यांचा पलंग येणार होता, तिथे छतात दार होतं. आठ फळ्या, प्रत्येकीची कड धारदार, प्रत्येक उतार स्वच्छ, करड्या काँक्रीटमध्ये उलटे उमटलेले. लाकडाच्या रेषासुद्धा दिसत होत्या. मी तीस वर्षं छतं आखते आहे. असं एकही मला कागदावर सुचलं नसतं, आणि ते ज्या घरात झालं ते घर माझ्या हाताखालचं होतं, याचा मला अजून अभिमान आहे.

“हे काय?” धाकट्याने बोट दाखवलं. खालच्या एका फळीच्या कोपऱ्यात रुपयाएवढा चौकोनी खड्डा उमटला होता.

काका खाली पाहू लागले.

“माझी चूक आहे ती,” ते म्हणाले. “पटाशी घसरली होती. खपली निघाली. कुणाला कळू नये म्हणून तिथे चौकोनी तुकडा बसवला आणि वर पॉलिश केलं. मोठ्या साहेबांना, बेबीताईंच्या वडिलांनासुद्धा सांगितलं नाही. पन्नास वर्षांत लाकूड आटलं, तुकडा केसभर वर आला असेल. कुणाला दिसला नाही कधी. या काँक्रीटने चुगली केली.”

“मला दिसला होता,” मेट्रन म्हणाल्या.

काकांनी मान वर केली.

“बारा वर्षांची असताना. हाताला बरोबर लागायचा. मला वाटायचं ते बटण आहे, दाबलं की दिवस चांगला जातो. परीक्षेला जाताना दाबलं, पहिल्या दिवशी कामाला जाताना दाबलं. निवृत्तीच्या दिवशीसुद्धा वाकून दाबून गेले. साठीला आलेली मेट्रन, शेजारी बघत होते. पन्नास वर्षं मी रोज त्या तुकड्याला बोट लावून बाहेर पडले, काका. तुम्ही मुद्दाम केलाय असं मी धरून चालले होते.”

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि परत काढला.

धाकट्याला शांतता झेपत नाही. “मग आता याला प्लॅस्टर कधी करायचं? आणि रंग?”

“या छताला कोणी हात लावणार नाही,” मेट्रन म्हणाल्या. “माझे गुडघे बदलले की पहिले काही दिवस मला बराच वेळ पाठीवर पडून राहायचं आहे. मी काय बघत राहू, तुझी करडी फरशी?”

मी वही काढली. एक नंबरपुढे ‘मिळालं’ लिहिलं, आणि खाली नवा अठरा नंबर घातला: छत, सुतारकाका आणि सेंट्रिंगवाला यांचं.

मान वर केली तेव्हा काका खोलीत नव्हते. ते बाहेर गॅरेजच्या खिडकीच्या कट्ट्यापाशी होते. त्यांनी किल्ली उचलली, धूळ सदऱ्याला पुसली आणि खिशात टाकली. मग परत येऊन खोलीच्या नव्या चौकटीला ओळंबा लावला आणि एक डोळा मिटून वर-खाली पाहिलं.

“बाई,” ते मला म्हणाले, “तुमची चौकट पाव इंच बाहेर आहे. आधी ती सरळ करू, मग माझं दार लावतो.”